एका महिन्यात कादंबरीचा पहिला खर्डा: आधी तयारी काय करावी?

वस्तीची_गाडी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

विषय असा की एक कादंबरी डोक्यात आहे आणि ती डोक्यातच म्हातारी व्हायला लागलीय. तालुक्याच्या एसटी डेपोतली गोष्ट, काळ १९९२-९३, म्हणजे कंडक्टरच्या हातात अजून मशीन आलं नव्हतं, तिकिटांचा ट्रे आणि पंच होता तेव्हाचा. नायक कंडक्टर आहे, मुक्कामी गाडीवर ड्यूटी, सकाळी परत येताना रस्त्यात चेकिंग लागतं, कॅशमध्ये फरक निघतो आणि तो सस्पेंड होतो. मग चौकशी, घर, भावकी, आणि तो फरक नक्की आला कुठून ते. पहिलं प्रकरण कितीदा लिहिलंय विचारू नका, दर वेळी तेच घासूनपुसून लख्ख करते आणि दुसऱ्याला हात लागत नाही. म्हणून ते महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचं आव्हान असतं ना (नॅनोरायमो), ते करून बघायचं ठरवलंय, दर्जा गेला खड्ड्यात, एकदा शेवटापर्यंत पोचायचंय.

पण तयारी न करता १ तारखेला बसले तर ५ तारखेला उठणार हे मला आत्ताच दिसतंय. तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा की आधी कथानक पूर्ण बांधून घ्यावं का थोडं मोकळं ठेवावं, माहिती किती गोळा करावी (मी गोळा करत बसले की थांबतच नाही), टायपिंगचं काय करता, आणि महिना कुठला घ्यावा? सगळे नोव्हेंबर म्हणतात. नोकरी पतसंस्थेत आहे त्यामुळे मार्चचं नाव काढू नका. मुलं पाचवीत आणि नववीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. वेळ मिळाला तर पहाटे नाहीतर रात्री साडेनऊनंतर.

रात्रपाळी

वाह, विषय मस्त आहे. मी हा उद्योग करून बसलेला माणूस आहे म्हणून जरा लांबण लावतो.

आधी महिना. नोव्हेंबर डोक्यातून काढा. यंदा ज्येष्ठ अधिक आला ना, त्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबर २०२६ ला आहे. म्हणजे पहिला आठवडा फराळ आणि साफसफाई, दुसरा आठवडा पाहुणे, आणि भाऊबीज उरकून तुम्ही टेबलाशी याल तेव्हा निम्मा महिना गेलेला असेल. जानेवारी घ्या. ३१ दिवस मिळतात, रोजचे १६१३ शब्द पडतात. ३० दिवसांच्या महिन्यात १६६७ होतात आणि फेब्रुवारी घेतला तर १७८६. मधे संक्रांत आणि हळदीकुंकू आहे, शाळेचं गॅदरिंग असेल, पण त्यात अख्खा आठवडा जात नाही.

आता हा १६१३ चा आकडा कागदावर गोड दिसतो पण त्यावर विसंबू नका. कोणीतरी आजारी पडतं, लाईट जाते, लग्न निघतं. चार दिवस शून्य लिहिणार असं धरूनच चाला, मग उरलेल्या २७ दिवसांत रोजचे १८५२ होतात, तुमचा खरा आकडा हा. आणि आत्ताच एकदा घड्याळ लावून अर्धा तास न थांबता, न खोडता लिहून बघा, किती होतात ते मोजा. समजा ४०० झाले, तर रोजचे सव्वादोन तास लागणार हे तुम्हाला जानेवारीआधीच कळलं. एवढा वेळ दिवसात कुठून काढायचा ते डिसेंबरात ठरवा, १ तारखेला नाही.

कथानकाचं म्हणाल तर मी पूर्ण आराखडा करत नाही, प्रसंगांची यादी करतो. एक प्रसंग साधारण १२०० शब्दांचा धरला तर पन्नास हजाराला चाळीस-बेचाळीस प्रसंग लागतात. एका प्रसंगाला एक ओळ, पण ओळ अशी हवी की ती वाचली की लिहायला बसता आलं पाहिजे. ‘कंडक्टर सस्पेंड होऊन घरी येतो’ हा प्रसंग नाही हो, ती नुसती बातमी झाली. ‘सस्पेंड झालेलं बायकोला सांगायचं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पण खाकी घालून, डबा घेऊन बाहेर पडतो आणि स्टँडवर नेमका मेहुणा भेटतो, त्याला त्याच गाडीनं जायचंय’ हा प्रसंग. कोणाला काय हवंय, आडवं कोण येतंय आणि शेवटी काय बिघडलं किंवा सुधारलं एवढं त्या ओळीत आलं की झालं. सगळे बेचाळीस आधी मिळणार नाहीत, पंचवीस मिळाले तरी सुरू करा, पण त्यात शेवटचा प्रसंग असलाच पाहिजे. शेवट माहीत नसताना लिहायला बसलं की वीस हजाराच्या आसपास माणूस गावाबाहेरच्या फाट्यावर उभा राहतो आणि कुठली गाडी पकडायची तेच कळत नाही.

दुसरा आठवडा वाईट जातो, जवळपास सगळ्यांचाच जातो. सुरुवातीची हौस फिटलेली असते आणि शेवट अजून लांब असतो. म्हणून यादीतले जे प्रसंग लिहायला तुमचे हात शिवशिवतायत त्यातले चारपाच मुद्दाम तिथे राखून ठेवा. क्रमानं लिहिलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

आणि आता खास तुमच्यासाठी: ते पहिलं प्रकरण नव्या फाईलमध्ये घेऊ नका. आहे तिथे राहू दे. १ जानेवारीला थेट दुसऱ्यापासून सुरू करा.

उगाच_एक

कादंबरी म्हणजे काय दोन मिनिटांची मॅगी आहे का? आपल्याकडे लोकांनी एकेका कादंबरीला दहा दहा वर्षं दिलीत. शब्द मोजून साहित्य होत असतं तर सगळे स्टेनो लेखक झाले असते. बाकी चालू द्या.

जुनी_पुस्तकं

@उगाच_एक, स्टेनोचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. रशियन लेखक दोस्तोव्हस्कीनं १८६६ च्या ऑक्टोबरात ‘जुगारी’ २६ दिवसांत पुरी केली, तीही एका तरुण स्टेनोग्राफर मुलीला तोंडी सांगून. प्रकाशकाशी असला करार करून बसला होता की १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं तो जे काही लिहील ते प्रकाशकाला फुकट छापता आलं असतं. रात्री टिपणं काढायचा, दिवसा सांगायचा, ती घरी जाऊन स्वच्छ प्रत करून आणायची. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं ते वेगळंच.

पण धागाकर्तीच्या कामाची गोष्ट पुढे आहे. ह्या कादंबरीची कल्पना त्यानं १८६३ मध्येच एका पत्रात मित्राला सविस्तर कळवली होती, आणि रूलेटच्या टेबलावर स्वतःचे पैसे घालवून अनुभव तर घेतलेलाच होता. म्हणजे २६ दिवस हा फक्त कागदावर उतरवण्याचा हिशेब, त्याच्या मागे तीन वर्षं होती. वस्तीताई, तुमचा कंडक्टर पण तुमच्या डोक्यात बरीच वर्षं राहतोय असं दिसतंय, तेव्हा तुम्ही काही शून्यातून निघालेल्या नाही.

उगाच_एक

करार असेल तर मी पण लिहीन 😀 ठीक आहे, मुद्दा पोचला. तरी पन्नास हजार हा आकडा कुणी ठरवला हे कोडंच आहे.

खाडीपलीकडची

कोडं नाहीये, मी सांगते. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच राहते आणि हे खूळ इथलंच. १९९९ च्या जुलैत ख्रिस बेटी नावाच्या माणसानं मित्रमंडळी जमवून सुरू केलं, सगळे मिळून २१ जण होते. आकडा कसा ठरला तर त्यानं आपल्या कपाटातली एक छोटीशी कादंबरी काढून अंदाज घेतला की एवढ्यात साधारण पन्नास हजार शब्द असतील, झालं. पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर धरला, कारण काय तर त्या महिन्यात हवा वाईट असते, लोक घरातच बसतात. म्हणजे नोव्हेंबरात पवित्र असं काही नाहीये. पुढे ते नॅनोरायमो नावानं जगभर पसरलं, रीतसर संस्था झाली, आणि ती संस्था २०२५ मध्ये बंद पण पडली. आधी एआयवरून आणि इतर गोष्टींवरून बरेच वाद झाले होते, पैशाचीही अडचण होती. आता वेबसाईटवर आकडा भरायची सोय नाही पण लोक आपापले गट करून लिहितायतच.

मी इथल्या पब्लिक लायब्ररीत अशा लेखन-बैठकांना जायचे. वीसेक अनोळखी माणसं लॅपटॉप घेऊन बसतात, एक जण घड्याळ लावतो, वीस मिनिटं कोणी बोलत नाही, मग प्रत्येक जण आपला आकडा सांगतो, चहाकॉफी, परत वीस मिनिटं. ऐकायला पोरकट वाटतं पण एरवी घरी दोन तासात जे होत नाही ते तिथे तीन फेऱ्यांत होतं. तयारीत हे पण धरा, जानेवारीत तुमच्याबरोबर एक तरी माणूस लिहिणारा हवा, व्हॉट्सॲपवर असला तरी चालेल. फक्त एकमेकांना वाचायला द्यायचं नाही, नुसता आकडा कळवायचा. वाचायला दिलं की समोरचा ‘छान’ म्हणाला तरी आपण परत तेच प्रकरण उघडून बसतो.

हवेच्या हिशेबानं बघायला गेलं तर आपल्याकडे खरा महिना आषाढ.

कोकणातला_पाऊस

@खाडीपलीकडची, आषाढाबद्दल प्रचंड सहमत, पण आमच्याकडे आषाढात लाईट कुठे असते? वही घ्यावी लागेल.

माझं मत रात्रपाळींपेक्षा जरा वेगळं आहे. बेचाळीस प्रसंगांची यादी वगैरे मला जमत नाही, यादी झाली की मला वाटतं लिहून झालं, मग कंटाळा येतो. मी आधी फक्त आवाज पक्का करतो, म्हणजे गोष्ट सांगतंय कोण. कंडक्टर स्वतः ‘मी’ म्हणून सांगतोय, की लेखक ‘तो’ म्हणून, की वीस वर्षांनी त्याची मुलगी सांगतेय? ह्यातलं काहीही घ्या, पण एक तारखेच्या आत ठरवा, कारण पंचवीस हजार शब्द झाल्यावर ‘तो’ चा ‘मी’ करायचा म्हणजे नुसती क्रियापदं बदलून भागत नाही, ‘मी’ ला जे दिसतच नाही ते सगळे प्रसंग बाद होतात. चौकशीच्या खोलीत साहेब लोक आपसात काय बोलले हे कंडक्टरला कसं कळणार?

आणि बोलीचं ठरवा. तुमचा डेपो कुठला? सातारा-सांगलीकडचा असेल तर डायव्हर-कंडक्टर आपसात ‘काय करायलाईस’ म्हणणार, डेपो मॅनेजरसमोर तोच माणूस ‘होय साहेब’ वर येणार आणि खुलासा लिहून देताना ‘सदर दिवशी मी कर्तव्यावर असताना’ असं लिहिणार. एकाच माणसाच्या तीन भाषा झाल्या. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत हा सोपा मार्ग आहे पण तुम्ही निवेदनच बोलीत करणार असाल तर आधी पाचसहा पानं लिहून बघा की ते तुम्हाला महिनाभर पेलतंय का. ही पानं फेकून द्यायची आहेत, कादंबरीत घालायची नाहीत. एखादा साधा प्रसंग घ्या, स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये चहा पितायत एवढाच, आणि तो तीन तऱ्हेनं लिहा. जी तऱ्हा लिहिताना हात थांबत नाही ती तुमची.

डेपोतला_पोर

शीर्षकात एसटी नव्हतं म्हणून उशिरा दिसला धागा, नाहीतर पहिला प्रतिसाद माझाच असता. आमचे बाबा कंडक्टर होते, आख्खी नोकरी मुक्कामी गाड्यांवर काढली.

ताई, तुमची सगळी गोष्ट ‘कॅशमध्ये फरक’ ह्या एका खुंटीला टांगलीय. मग फरक कमी निघाला का जास्त ते आधी ठरवा. बाहेरच्या माणसाला वाटतं पैसे कमी निघाले तरच लफडं. तसं नाहीये. जास्त निघाले तर जास्त वांधे, कारण मग अर्थ असा निघतो की पॅसेंजरकडून पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. म्हणूनच ड्यूटीवर निघताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते वेबिलावर (फेरीच्या तिकिटांचा आणि पैशांचा हिशेब लिहायचा कागद) लिहून ठेवायचं असतं. बाबा बायकोनं भाजीला दिलेले पैसे पण लिहायचे. आता तुमचा कंडक्टर त्या दिवशी हे लिहायला विसरला, का त्यानं मुद्दाम लिहिलं नाही, का लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त सापडले, ह्या तीन वेगवेगळ्या कादंबऱ्या आहेत.

दुसरं, चेकिंगवाले गाडीत चढले की आधी वेबिल आणि ट्रे ताब्यात घेतात. ट्रेमध्ये दराप्रमाणे तिकिटांचे गठ्ठे असायचे, प्रत्येकावर नंबर. भाड्याचा टप्पा बदलला की कंडक्टरनं कुठल्या गठ्ठ्याचा कुठला नंबर चालू आहे ते वेबिलावर चढवायचं. गाडीत गर्दी असली, रस्ता खराब असला की हे लिहायचं राहून जातं, आणि नेमकं तेव्हाच चेकिंग लागलं की प्रामाणिक माणूस पण गोत्यात. तुमच्या प्रसंगात घाटातला रस्ता आणि बाजाराचा दिवस घ्या, आपोआप जमतं.

तिसरं म्हणजे मुक्कामी गाडीची कॅश रात्रभर कंडक्टरकडेच राहते. डेपोत भरणा दुसऱ्या दिवशी. हे फार मोठं आहे तुमच्या गोष्टीसाठी.

रात्रपाळी

हे बघा, हेच म्हणत होतो मी. @वस्तीची_गाडी, तुम्ही विचारलं होतं ना माहिती किती गोळा करावी, तर डेपोतल्या पोरानं जी सांगितली ती आधी हवी, कारण ती चुकली तर गोष्टच आडवी होते. खिशातले पैसे वेबिलावर लिहायचे असतात हे तुम्हाला २० जानेवारीला कळलं असतं तर? मागचे पंधरा प्रसंग फुकट. पण त्या साली सीटचं रेक्झिन कुठल्या रंगाचं होतं, अमुक गावाचं भाडं किती होतं, ह्यावर काही अडत नाही. ते नंतर. लिहिताना असं काही अडलं की दोन हॅश मारायचे, ‘##भाडं’ असं लिहून पुढे जायचं, महिना संपल्यावर हॅश शोधून एकेक भरत बसा. इंटरनेट उघडायचं नाही. नाहीतर तुम्ही भाडं शोधायला जाल आणि १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी सुटली होती तिथून वाचायला सुरुवात कराल, आणि मग तो दिवस गेलाच म्हणून समजा.

एकच अपवाद, गोष्टीच्या वर्षाचं कॅलेंडर. १९९२-९३ घेताय तर ६ डिसेंबर, त्यानंतरच्या दंगली, मार्चमधले मुंबईतले बॉम्बस्फोट आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप हे सगळं त्याच काळात येतं. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती, आठवत असेल. तुमचा डेपो कुठेही असू दे, चौकशी सप्टेंबरात चालू असेल आणि पात्रं भूकंपाबद्दल चकार शब्द काढत नसतील तर वाचक पकडणार. एका कागदावर बारा महिने आखा, हे टाका, मग तुमच्या कंडक्टरच्या तारखा टाका. कदाचित वर्ष बदलावंसं वाटेल, तेही आत्ताच बदललेलं बरं.

ओटीपी_आला_नाही

टायपिंगवर कोणीच बोललं नाही म्हणून मी.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाईप करू नका, प्रकाशकाला लागलं तर तो नंतर बदलून घेईल, तुम्ही युनिकोडच. विंडोज १० किंवा ११ असेल तर भाषा सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो, वेगळं काही उतरवायला लागत नाही. इन्स्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर उत्तमच, वेग त्यालाच जास्त आहे, पण ते येत नसेल तर ह्या महिन्यात शिकायला जाऊ नका. मोबाईलवर लिहिणार असाल तर गूगलचा जीबोर्ड. स्वयंपाक करताना गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टायपिंग होतं, संवाद त्यात फार झकास उतरतात, फक्त स्वल्पविराम-पूर्णविराम आणि बोलीतले शब्द नंतर हातानं नीट करावे लागतात, ‘करायलाईस’ चं ते काय करेल देव जाणे.

आणि स्पेलिंग तपासणीच्या लाल रेघा बंद करून टाका. मराठीत निम्मं पान लाल दिसतं आणि माणूस तेच दुरुस्त करत बसतो. फाईल आठवड्याला एक ठेवा, पन्नास हजार शब्दांची एकच फाईल मोबाईलवर रडते. रोज झोपताना स्वतःलाच मेल करायची.

वहीत लिहिणाऱ्यांसाठी: फुलस्केपच्या एका पानात माझे अडीचशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे रोजची सात-साडेसात पानं. आपलं अक्षर बघून मोजा.

अवांतर: आपल्याकडे ‘डेपोतल्यासारखंच’ हा एकच शब्द मोजला जातो जिथे इंग्रजीत चारपाच लागतील. त्यामुळे मराठीत पन्नास हजार म्हणजे इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त मजकूर होतो. चाळीसवर थांबलात तरी मी तुम्हाला पास करीन.

चारची_चहा

सगळ्या पुरुषमंडळींनी तासांचा हिशेब सांगितला, आता घरचं मी सांगते. सव्वादोन तास सलग मिळणार नाहीयेत तुम्हाला, हे लिहून घ्या. पहाटे पाऊण तास, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मोबाईलवर वीस मिनिटं, रात्री तासभर, असे तुकडेच मिळतात. म्हणून ती प्रसंगांची यादी उपयोगी पडते, रात्री झोपताना उद्याचा प्रसंग कुठला ते बघून झोपायचं, पहाटे विचार करण्यात दहा मिनिटं जात नाहीत.

सासूबाईंना आधीच स्पष्ट सांगा की जानेवारीचा एक महिना मी हे करणारे. ‘काहीतरी लिहितेय’ असं गुळमुळीत सांगितलं की दर दहा मिनिटांनी हाक येते, तारखेनिशी सांगितलं की माणसं मान देतात, निदान पहिले दोन आठवडे. डिसेंबरात थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दोनतीन कोरड्या चटण्या करून ठेवा, संक्रांतीचे तिळगूळ सरळ विकत. नववीतल्या पोराला आठवड्यातून दोनदा खिचडी लावायला शिकवा, त्याचं पण कल्याण. नातेवाईकांच्या ग्रुपवर अवाक्षर काढू नका, नाहीतर पुढची पाच वर्षं प्रत्येक लग्नात ‘झाली का कादंबरी’ ऐकाल.

वस्तीची_गाडी

बापरे, एवढं सगळं! वाचनखूण साठवलीय, सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उगाच_एक तुम्हालाही.

तर जानेवारी पक्का. कोकणातला_पाऊस म्हणतात तसा कॅन्टीनचा प्रसंग तीन तऱ्हेनं लिहून बघितला, ‘मी’ मध्ये सुसाट जातोय, मुलीच्या तोंडून फार गोड गोड होतोय, ‘तो’ मध्ये मला माझाच कंटाळा आला. पण ‘मी’ घेतला तर चौकशीची खोली जाते हे खरंच डोक्यात नव्हतं. विचार करतेय की साहेब लोक काय बोलले ते कंडक्टरला शिपायाकडून तुकड्यातुकड्यानं कळेल, आणि शिपाई थोडं पदरचं घालून सांगेल. मग तर मजाच आहे.

रात्रपाळी, यादी सुरू केली, अर्ध्याच्याही अलीकडे अडकलीय पण शेवटचा प्रसंग मिळाला. वर्ष १९९३ च ठेवतेय, डेपो सांगली जिल्ह्यातला, आणि भूकंपानंतर मदतीचं सामान घेऊन जाणाऱ्या लोकांच्या गर्दीतच त्याचा साक्षीदार निघून जातो असं काहीतरी करता येईल असं वाटतंय. पहिलं प्रकरण वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं. उघडणार नाही. (बहुतेक.)

खाडीपलीकडची, जानेवारीत आकडा कळवायला तुम्ही चालाल का? तुमची रात्र आणि माझी सकाळ, जमून जाईल.

डेपोतला_पोर, तुमच्या बाबांना एक विचारायचं होतं. मुक्कामाच्या गावी रात्री झोपायचे कुठे आणि बॅग कुठे ठेवायचे? फरक रात्रीतच कुठेतरी आणायचाय मला, पण चोरी नको, फार सोपं होतं ते.

खाडीपलीकडची

चालेन की. मी पण ह्या निमित्तानं माझं अर्धवट पडलेलं काढते. १ तारखेच्या आदल्या दिवशी निरोप टाका.

डेपोतला_पोर

विचारलं. बाबा म्हणाले उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, थंडीत गाडीतच मागच्या सीटवर, पावसात देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात. बॅग उशाला आणि पट्टा मनगटाला गुंडाळून.

पण चोरी नको म्हणताय तर त्यांनी भलतीच गोष्ट सांगितली. दिवसभराची चिल्लर फार जड व्हायची, म्हणून रात्री गावातल्या किराणा दुकानदाराला चिल्लर द्यायची आणि नोटा घ्यायच्या, दुकानदाराला पण सुट्टे हवेच असायचे. मोजायचं कंदिलाच्या नाहीतर चाळीसच्या बल्बच्या उजेडात, दोघंही दमलेले, आणि दोघांचा एकमेकांवर इतका विश्वास की कित्येकदा एकानं मोजलं की दुसरा परत मोजायचा नाही. एकदा दुकानदारानं पन्नासची नोट जास्त दिली होती ते बाबांना भरण्याच्या वेळी कळलं. त्या दिवशी चेकिंग लागलं नव्हतं म्हणून निभावलं.

तुमच्या गोष्टीत लागू दे. आणि तो दुकानदार खुलाशाला येऊन ‘होय, मी जास्त दिले’ म्हणतो का नाही ते तुम्ही बघा, कारण तसं म्हटलं तर ड्यूटीच्या कॅशमधून चिल्लर बाहेर दिली हे पण कबूल करावं लागतं.

अजून काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बाबा दुपारी चारनंतर मोकळे असतात आणि ह्या विषयावर त्यांना थांबवावं लागतं.